पाण्याच्या आकड्यांची भाषा : पिशोर परिसराच्या निमित्ताने जलमापनाच्या संकेतांचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पिशोर हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर, अंजना नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. अंजना पूर्णेस मिळते आणि पूर्णा गोदावरीस. म्हणून पिशोरच्या शिवारावर पडलेला पाऊस अखेरीस पूर्व समुद्रास जातो. डोंगरमाथ्याच्या पलीकडे, चाळीसगावच्या बाजूस पडलेला पाऊस गिरणेच्या वाटेने तापीस मिळतो व पश्चिम समुद्र गाठतो. हा जलविभाजक जुन्या काळी राज्यांची सीमाही होता. कन्नडचा घाट उतरला की इंग्रजांचा खानदेश लागे, आणि घाटाच्या अलीकडे निजामाचे राज्य होते. एकाच डोंगरावरील पाणी अशा रीतीने दोन समुद्रांत आणि दोन दप्तरांत विभागले जाई. दोन दप्तरांची मापे, वर्षारंभ आणि शब्द निराळे होते.

नावांचा गोंधळ तर आजही कायम आहे. ज्या पूर्णेस अंजना मिळते ती गोदावरीची पूर्णा होय. वऱ्हाडातून वाहणारी आणि तापीस मिळणारी पूर्णा दुसरी, व दक्षिण गुजरातेत नवसारीजवळून समुद्रास जाणारी तिसरी. अंजनेच्या नावाशी जवळीक सांगणारी अंजनी जळगाव जिल्ह्यात आहे, आणि ती गिरणेच्या खोऱ्यातील आहे. बोलणाऱ्यास या नावांनी अडचण पडत नाही, कारण बोलणारा कोठे उभा आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. दप्तराला मात्र पाय नसतात. ‘पूर्णा, सरासरी प्रवाह’ अशी नोंद एका कार्यालयातून दुसऱ्यात गेली की ती कोणत्या पूर्णेची हे कागदावरून कळण्याचा मार्ग उरत नाही.

ही बाब येथे आरंभीच मांडण्याचे कारण असे की, जलव्यवस्थापनाच्या क्षेत्रात अलीकडे ज्यास ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात, त्या साधनाचा सारा डोलारा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदींवर उभा असतो. डिजिटल ट्विन म्हणजे एखाद्या धरणाचे, कालव्याचे, नळव्यवस्थेचे किंवा संपूर्ण खोऱ्याचे संगणकातील जुळे. प्रत्यक्षातील संवेदकांकडून येणाऱ्या आकड्यांनी ते सतत अद्ययावत होत राहते आणि त्यावर ‘दार एक फूट उघडले तर काय होईल’ यासारखे प्रश्न आधी विचारून पाहता येतात. या कल्पनेचे जनकत्व सामान्यतः मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ साली कारखानदारीच्या संदर्भात केलेल्या मांडणीकडे दिले जाते. पुढे नासाच्या लिखाणातून हे नाव रूढ झाले. कारखान्यातील यंत्राचे सर्व भाग बहुधा एकाच मालकाचे असतात. नदीचे तसे नाही. पाऊस एक खाते मोजते, धरणाची पातळी दुसरे, विहिरीची पातळी तिसरे, पंपाची वीज चौथे. या सर्वांच्या आकड्यांना एक भाषा नसेल तर जुळे जन्मास येते खरे, परंतु ते ज्याचे जुळे म्हणावयाचे त्याच्याशी त्याचे नाते लागत नाही. आकड्यांची ही सामाईक भाषा पूर्वी कशी घडली व कोणत्या प्रसंगी घडली, याचा शोध पिशोरच्या परिसरातून घेण्यासारखा आहे.

गावगाड्यात पाण्याची मापे नव्हती असे मुळीच नाही. विहिरीची खोली ‘परसां’त सांगितली जाई आणि तिची ताकद मोटांत. एकमोटी विहीर, दोन मोटांची विहीर असे म्हटले की तिच्यावर किती बागाईत पिकेल याचा अंदाज ऐकणाऱ्यास येई. या मापात मोटेचे आकारमान निश्चित नव्हते, बैलांची चालही निश्चित नव्हती. पण माप जेथे वापरावयाचे त्या शिवारात त्याचा अर्थ सर्वांस सारखाच कळत होता. खानदेशात व बागलाणात पांझरा, मोसम या नद्यांवर जी फड-पद्धती चालत असे, तिच्यात तर घनफळाचा प्रश्नच उद्भवत नसे. पाणी पाळीने दिले जाई, पाळी वेळेने मोजली जाई, आणि पाटकऱ्याचा शब्द हाच हिशेब असे. सामाईक प्रमाणाचे हे एक उत्तम रूप होते, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याची मर्यादा इतकीच की बंधाऱ्याच्या बाहेर त्याला अर्थ नव्हता.

हैदराबाद संस्थानात पाटबंधाऱ्यांचा मुख्य भर तेलंगणातील तलावांवर होता. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीकडे जिरायतीचा मुलूख म्हणूनच पाहिले गेले, आणि त्यामुळे येथील नद्यांच्या प्रवाहाच्या दीर्घकालीन नोंदीही तुटपुंज्या राहिल्या. ज्या नोंदी झाल्या त्या महसुलाच्या अंगाने झाल्या, आणि त्या फसली सनात झाल्या. संस्थानातील फसली वर्ष उत्तरकाळात आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेस, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. त्याच्या आकड्यात ५९० मिळविले की इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. घाटाच्या उत्तरेस मुंबई इलाख्यातही फसली शब्द प्रचारात होता, पण त्याचा वर्षारंभ पावसाळ्याच्या तोंडी होई. जुन्या दप्तरातील ‘अमुक फसलीचा पाऊस’ हा आकडा कोणत्या पावसाळ्याचा, हे ठरविण्यासाठी तो कोणत्या बाजूच्या कचेरीतून आला हे आधी पाहावे लागते, ते यामुळे.

फसली गेले, परंतु वर्षारंभाचा प्रश्न गेला नाही. आज केंद्रीय जल आयोगाचे जलवर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत धरले जाते. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याचे सिंचनवर्ष १ जुलैस सुरू होऊन ३० जूनला संपते. हिशेबाचे सरकारी वर्ष १ एप्रिलचे. जून महिन्यात अंजनेला मोठा पूर आला तर त्याचे पाणी जलवर्षाच्या हिशेबात नव्या वर्षाचे ठरते, सिंचनवर्षाच्या हिशेबात सरत्या वर्षाचे. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. दोहोंतील वार्षिक बेरजा मात्र शेजारी मांडून तुलना करण्यास निरुपयोगी ठरतात, आणि तरी तशी तुलना केली जाते.

इंग्रजी मुलखातील जलशास्त्राने या प्रदेशाला दिलेली एक वस्तू मात्र मोलाची आहे. मुंबई इलाख्यातील अभियंते स्ट्रेंज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पावसाच्या मानाने नदीस किती पाणी येते याची कोष्टके तयार केली. पाणलोट चांगले, मध्यम की हलके यानुसार त्यांत तीन वर्ग होते. पुढे १९२९ च्या सुमारास इंग्लिस आणि डिसूझा यांनी सह्याद्रीच्या घाटमाथ्यासाठी एक आणि दख्खनच्या पठारासाठी दुसरे, अशी दोन सूत्रे दिली. पठाराचे सूत्र असे : पावसाच्या इंचांतून सात वजा करावेत, उरलेल्या संख्येस पुन्हा पावसाच्या इंचांनी गुणावे व शंभराने भागावे, येईल तो आकडा म्हणजे नदीस मिळणारे पाणी, इंचांत. धरणाच्या जागी प्रवाहाचे मोजमाप नसताना पावसावरून पाणी काढण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि लहान धरणांच्या आखणीत या सूत्रांचा आधार दीर्घकाळ घेतला गेला. आजच्या संगणकीय प्रतिमानांचे हे पूर्वजच होत. वंशावळ सांगावयाची झाल्यास डिजिटल ट्विनची कुळकथा येथून सुरू करावी लागेल.

या सूत्राची पुढील कहाणी बोधप्रद आहे. दशमान पद्धती आली तेव्हा त्याचे सेंटिमीटरमध्ये रूपांतर झाले, आणि सातांच्या जागी १७.८ व शंभराच्या जागी २५४ हे आकडे बसले. समजा एखाद्या वर्षी ७० सेंटिमीटर पाऊस झाला. रूपांतरित सूत्राने नदीचे पाणी सुमारे १४.४ सेंटिमीटर येते. आता एखाद्याने पावसाचा आकडा सेंटिमीटरचा घेतला, पण सूत्र जुने, इंचांचे वापरले, तर उत्तर ४४.१ येते. तिप्पट पाणी! धरणाच्या भिंतीची उंची, सांडव्याची रुंदी, लाभक्षेत्राचे एकर, सारेच त्या मानाने फुगेल. कागदावर कोठेही बेरीज चुकलेली नसेल. आकड्याबरोबर एकक प्रवास करीत नाही तेव्हा असे घडते. अमेरिकेचे मंगळाकडे निघालेले एक यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले, त्याच्या मुळाशी नेमका हाच दोष होता : एका गटाने पौंडांत दिलेले बळाचे आकडे दुसऱ्या गटाच्या गणितात दशमान समजले गेले.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. याच काळात देशात मापांचे एकीकरण घडून येत होते. वजने व मापे यांचा कायदा १९५६ चा, आणि त्याची अंमलबजावणी ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाली. भारतीय मानक संस्थेने खुल्या कालव्यातील प्रवाह मोजण्याच्या पद्धतीचे मानक १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. एका पिढीच्या आत या प्रदेशाने राज्य, सन, नाणे आणि माप हे चारही बदललेले पाहिले. परिणामी जुन्या व नव्या मापांचे सांधे जागोजाग उघडे राहिले. पैठणच्या जायकवाडी धरणाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी त्याची पायाभरणी झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. या धरणाची पूर्ण संचय पातळी आजच्या कागदांत ४६३.९०६ मीटर अशी लिहिलेली असते. तीन दशांश स्थळांपर्यंतचा हा काटेकोरपणा पाहून वाचक दबून जातो. वस्तुतः ती संख्या म्हणजे १५२२ फूट या पूर्णांकाचे भाषांतर आहे. मिलिमीटर त्यात मोजमापातून आलेले नसून गुणाकारातून आलेले आहेत. माणसास ही गोष्ट सांगता येते. संगणकास आकड्याबरोबर त्याची अचूकता किती हे वेगळे लिहून दिले नाही, तर तो सहाव्या आणि नवव्या मिलिमीटरवरही विश्वास ठेवतो.

घनफळाच्या बाबतीत तर द्वैत आजतागायत टिकून आहे. अभियंता दशलक्ष घनमीटर म्हणजे ‘दलघमी’ लिहितो; राजकारण, न्यायालय आणि वृत्तपत्रे ‘टीएमसी’ बोलतात, म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. दशमान पद्धती येऊन साठ वर्षे लोटल्यावरही टीएमसी का मरत नाही, याचे उत्तर पाणीवाटपाच्या इतिहासात आहे. लवादांचे निर्णय त्या एककात झाले, हक्क त्या एककात मिळाले, आणि हक्काचे एकक कोणी सहजासहजी बदलू देत नाही.

गोदावरी पाणी तंटा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला व त्याचा अंतिम निर्णय १९८० मध्ये आला. त्या निर्णयात राज्याराज्यांतील ज्या करारांना स्थान मिळाले, त्यांपैकी ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानुसार गोदावरीचे पैठण धरणापर्यंतचे आणि पूर्णेचे सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे असे ठरले. त्याखालील भागात आणखी ६० टीएमसीपर्यंत. अंजना सिद्धेश्वरच्या पुष्कळ वर पूर्णेस मिळते. म्हणजे पिशोरच्या शिवारातील पाण्यावर आंतरराज्य हक्काचे बंधन नाही; ते कोणी, किती आणि कोठे अडवावे हा सर्वस्वी महाराष्ट्राच्या अंतर्गत हिशेबाचा विषय आहे. या कलमात ‘पूर्णा’ या शब्दाच्या पुढे धरणाचे नाव आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जेथे तंटा होता तेथे नाव असंदिग्ध करावे लागले. सामाईक व्याख्यांचा जन्म प्रयोगशाळेपेक्षा भांडणातून अधिक वेळा झालेला दिसतो.

याचे दुसरे उदाहरण अधिक जवळचे व अधिक कडवट आहे. नाशिक-अहिल्यानगरकडील वरची धरणे आणि खालचे जायकवाडी यांच्यामधील तंटा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याखाली उभा राहिला. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश काढला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. आदेशाचा गाभा असा की, १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातील वापर हिशेबात धरून, ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे.

या वाक्यातील प्रत्येक शब्द व्याख्येवर उभा आहे. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दलघमी, त्यांपैकी मृतसाठा ७३८ व उपयुक्त साठा २१७१ दलघमी. उपयुक्त साठ्याचे ६५ टक्के म्हणजे सुमारे १४११ दलघमी. आता कोणी ‘६५ टक्के’ एकूण साठ्याचे समजला, तर एकूण १८९१ दलघमी पाणी पुरे ठरेल. त्यातून मृतसाठा वजा जाता उपयुक्त पाणी ११५३ दलघमीच उरते. दोन अर्थांतील अंतर २५८ दलघमी, म्हणजे नऊ टीएमसींहून अधिक. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वरच्या धरणांतून सोडण्याचा आदेश निघाला तो सुमारे ८.६ टीएमसीचा होता. ज्या पाण्यासाठी दोन प्रदेश एकमेकांसमोर उभे ठाकले, त्याहून मोठे पाणी एका शब्दाच्या अर्थात सामावलेले आहे. सुदैवाने आदेशात ‘उपयुक्त’ हा शब्द आहे. पण रोजच्या बातम्यांतील व तक्त्यांतील ‘टक्के’ या शब्दाआड तो नेहमी लिहिलेला असतो असे नाही. दुष्काळात जायकवाडीचा साठा ‘उणे’ टक्क्यांत सांगितला जातो, आणि शून्याखाली पाणी कसे असू शकते असे सामान्य माणूस विचारतो, तो प्रश्न अज्ञानाचा नसून व्याख्येचा आहे.

यातील आणखी एक पेच असा की धरणातील पाणी कोणी प्रत्यक्ष मोजीत नाही. मोजली जाते ती पातळी. साठा कोष्टकावरून काढला जातो. धरणात गाळ साठतो, कोष्टक जुने होते, नव्या सर्वेक्षणाने ते बदलते, आणि तीच पातळी दुसऱ्या दिवसापासून निराळा साठा दाखवू लागते. मालिकेत पडलेली ही पायरी पुढील संशोधकास पाण्याची घट वाटण्याचा संभव असतो. म्हणून साठ्याच्या प्रत्येक आकड्याबरोबर तो कोणत्या वर्षीच्या कोष्टकावरून काढला हे लिहिणे अवश्य आहे. आणि शक्य तेथे पातळी हीच मूळ नोंद म्हणून जपली पाहिजे.

पातळीच्या नोंदीसही आधार लागतो. भारतात समुद्रसपाटीचा मूळ आधार १९०९ मध्ये नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या निरीक्षणांवरून निश्चित झाला. मोठ्या धरणांचे तलांक त्यास जोडलेले असतात. लहान बंधाऱ्यांचे व पाझर तलावांचे तलांक पुष्कळदा जवळच्या एखाद्या दगडास १०० धरून मांडलेले असतात. एकेकट्या बंधाऱ्यास त्याने काही बिघडत नाही. मात्र अंजनेच्या खोऱ्यातील सर्व बंधारे एकाच प्रतिमानात जोडावयाचे झाले की दोन बंधाऱ्यांतील उतार काढता येत नाही. जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्यामध्ये लाउफेनबुर्ग येथे ऱ्हाइनवर पूल बांधताना, दोन्ही देशांच्या समुद्रसपाटीत २७ सेंटिमीटरचे अंतर आहे हे अभियंत्यांना ठाऊक होते. २००३ मध्ये ती दुरुस्ती उलट्या चिन्हाने केली गेली आणि दोन टोकांत ५४ सेंटिमीटरचा फरक पडला. अंतर माहीत असणे पुरेसे नव्हते; ते कोणाच्या बाजूने मिळवावयाचे, हेही आकड्याबरोबर लिहिलेले हवे होते.

आता पावसाकडे वळावे, कारण पिशोरच्या शेतकऱ्याचा थेट संबंध त्याच आकड्याशी येतो. पिशोर हे महसूल मंडळाचे ठिकाण आहे. अतिवृष्टीची मदत द्यावयाची तर मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला काय, हे पाहिले जाते. भारतीय हवामान खात्याच्या वर्गीकरणात जोरदार पावसाची मर्यादा ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होते. अर्ध्या मिलिमीटरचा हा भेद पाहणाऱ्यास हास्यास्पद वाटेल. परंतु ६४.८ मिलिमीटर पाऊस झालेल्या दिवशी हवामानशास्त्राच्या दृष्टीने जोरदार पाऊस झालेला असतो आणि महसुलाच्या दृष्टीने अतिवृष्टी झालेली नसते, आणि पाण्याखाली गेलेली मक्याची किंवा आल्याची शेती त्या दोहोंच्या मधल्या फटीत पडते.

याहून गंभीर प्रश्न ‘चोवीस तास’ या शब्दांचा आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो, म्हणजे ग्रीनिच वेळेच्या तीन वाजता. आदल्या सकाळपासून पडलेला पाऊस वाचनाच्या तारखेवर मांडला जातो. हाताने वाचावयाच्या पर्जन्यमापकात दुसरा पर्यायच नव्हता. माणूस सकाळी येई, नळकांडे रिकामे करी व आकडा लिही. राज्यात ‘महावेध’ योजनेखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली तेव्हा पाऊस काही मिनिटांच्या अंतराने नोंदता येऊ लागला, आणि दिवस कोठे तोडावयाचा हे यंत्राबाहेरील माणसाच्या हाती आले. कल्पना करावी की रात्री दहापासून दोनपर्यंत एका मंडळात ८० मिलिमीटर पाऊस पडला, निम्मा मध्यरात्रीपूर्वी व निम्मा नंतर. साडेआठचा दिवस धरला तर ८० मिलिमीटरची अतिवृष्टी. मध्यरात्रीचा दिवस धरला तर ४० आणि ४०, म्हणजे अतिवृष्टी एकाही दिवशी नाही. यंत्र दोन्ही वेळी अचूक, पाऊस एकच. मानक म्हणजे काय आणि ते कोणाच्या घरी कमी-जास्त करते, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगणे कठीण.

जमिनीखालील पाण्याची स्थिती फारशी वेगळी नाही. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळात स्थापन झाली. तिने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून प्रत्येकास संकेतांक दिला. हे कार्य थोर म्हणावे लागेल, कारण नावांच्या गोंधळातून सुटण्याचा तोच मार्ग होता. निरीक्षण विहिरींची पातळी ही यंत्रणा वर्षातून ठरावीक चार वेळा घेते. केंद्रीय भूजल मंडळही चार वेळा घेते, पण त्यांचे चारही महिने सारखे नाहीत. पावसाळा संपतानाची आणि दिवाळीनंतरची पातळी यांत बेसाल्टच्या उथळ विहिरीत मोठा फरक पडू शकतो. तेव्हा दोन संस्थांच्या ‘पावसाळ्यानंतरच्या पातळी’ची सरासरी काढणे म्हणजे सोमवारचा व गुरुवारचा ताप मिळवून रोग्याची प्रकृती ठरविणे होय.

या विस्कळीतपणावर देशपातळीवर पहिला मोठा उपाय १९९५ मध्ये जलविज्ञान प्रकल्पाच्या रूपाने झाला. जागतिक बँकेच्या कर्जाने व डच तज्ज्ञांच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात महाराष्ट्रासह द्वीपकल्पातील राज्ये होती. पृष्ठजलाच्या नोंदींसाठी एक व भूजलासाठी एक, असे समान संगणक-कार्यक्रम सर्व राज्यांत वापरले गेले, नोंदी तपासण्याच्या पायऱ्या ठरल्या, आणि नाशिक हे महाराष्ट्रातील या कामाचे केंद्र बनले. दुसरा टप्पा २००६ ते २०१४ असा झाला; त्यात कृष्णा-भीमा खोऱ्यात तात्काळ नोंदी देणारी केंद्रे व पूर-अनुमानाचे प्रतिमान उभे राहिले. २०१६ पासून राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प सर्व राज्यांत गेला, आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय जलमाहिती केंद्र स्थापन झाले. या प्रकल्पांच्या इमारती व यंत्रे यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्यांचे खरे फलित, सर्व राज्यांच्या कारकुनांनी व अभियंत्यांनी एकाच नमुन्यात आकडे भरण्याची सवय लावून घेतली, हे आहे. सवय हीच मानकाची खरी वस्ती.

जगाच्या पातळीवर याच सुमारास ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियम या संस्थेने जागतिक हवामान संघटनेच्या सहकार्याने ‘वॉटरएमएल २.०’ हे जलविषयक कालमालिकांचे मानक तयार केले. ते २०१२ मध्ये स्वीकृत झाले. नद्या, पाणलोट व संगम यांची ओळख कशी सांगावी याचे मानक २०१८ मध्ये आले. पहिल्याची रचना पाहिली की वर सांगितलेल्या व्याधींची यादी कोणी समोर ठेवून ते लिहिले असावे असे वाटते. प्रत्येक आकड्याबरोबर काय मोजले, कोणत्या एककात, कोणत्या पद्धतीने, हे सांगावे लागते. वेळ सांगताना कालविभाग सांगावा लागतो. आकडा त्या क्षणाचा आहे, मागील अवधीची बेरीज आहे की सरासरी, हेही लिहावे लागते. पिशोरचा ८० मिलिमीटर पाऊस ‘मागील चोवीस तासांची बेरीज, अखेर साडेआठ वाजता’ असा लिहिला गेला, तर मध्यरात्रीचा वाद उत्पन्नच होत नाही. गुणवत्तेसाठीही जागा आहे : नोंद चांगली, संशयास्पद की अनुमानित. मानक आकडा दुरुस्त करीत नाही. आकड्याचे कुलवृत्त त्याच्यापासून तुटू देत नाही, एवढेच ते करते.

असे मानक अंजनेच्या खोऱ्यास लावावयाचे तर काय हाती आहे? पिशोरजवळील अंजना-पळशी मध्यम प्रकल्पाची पातळी जलसंपदा विभागाकडे. लहान तलाव व बंधारे मृद व जलसंधारण विभागाकडे. विहिरी भूजल यंत्रणेकडे. पाऊस कृषी व महसूल खात्यांकडे. गावच्या नळयोजनेचे पाणी ग्रामपंचायतीकडे. ‘मध्यम’ हा शब्दही साठ्यावरून ठरलेला नाही. लाभक्षेत्र दोन हजार ते दहा हजार हेक्टर असले की प्रकल्प मध्यम. म्हणजे दप्तराची विभागणी पाण्याच्या मानाने झालेली नसून जमिनीच्या मानाने झालेली आहे, आणि एका ओढ्यावरील वरचा तलाव एका खात्यात व खालचे धरण दुसऱ्यात जाते.

या सर्वांहून मोठी उणीव उपशाची आहे. कालव्याच्या पाण्यासाठी शेतकरी नमुना सातचा अर्ज भरतो, म्हणून त्याची निदान मागणी तरी कागदावर येते. विहिरी व कूपनलिका यांतून होणारा उपसा, जो या भागात सिंचनाचा मुख्य आधार आहे, कोठेच मोजला जात नाही. कृषिपंपांच्या विजेची आकारणी पुष्कळ ठिकाणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होत आली आहे, त्यामुळे विजेवरूनही पाणी काढता येत नाही. भूजलाच्या अंदाजपत्रकात उपशाचा आकडा असतो. तो विहिरींची संख्या आणि एका विहिरीचा सरासरी उपसा यांच्या गुणाकारातून आलेला असतो. गावगाड्यातील ‘दोन मोटांची विहीर’ या मापापासून हा आकडा समजतो तितका दूर आलेला नाही. तो वापरू नये असे नव्हे. त्याच्यावाचून ताळेबंद पुरा होत नाही. पण धरणाच्या पट्टीवर वाचलेला आकडा आणि हा गुणाकार संगणकाच्या पडद्यावर एकाच रंगात, एकाच अक्षरात व दोन दशांश स्थळांसह उमटू लागले, आणि त्यांच्या वजाबाकीवरून पिशोरच्या वाट्यास किती पाणी ‘शिल्लक’ हे ठरू लागले, तर कोणत्या आकड्यापुढे ‘मोजलेला’ व कोणत्या आकड्यापुढे ‘अनुमानित’ हा शब्द लिहावयाचा, आणि तो लिहिण्याचा अधिकार वरील पाच दप्तरांपैकी कोणाचा, हे प्रथम ठरवावे लागेल.